खडकाचे नाव कशावरून ठरते? अग्निज, गाळाचे, रूपांतरित आणि मधले सगळे

अभ्रकी

खडकांचे तीन प्रकार शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असतात: अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित. दोन-दोन उदाहरणेही तोंडावर असतात. पण दगड हातात देऊन हा कुठला असे विचारले की बहुतेक जण रंग बघतात. काळा दिसला की बेसाल्ट, पांढरा दिसला की संगमरवर, ठिपके दिसले की ग्रॅनाइट. रंग हा खडकाचा सगळ्यात बेभरवशाचा गुण आहे. लोहाचे ऑक्साइड चिमूटभर असले तरी अख्खा वालुकाश्म लाल होतो. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीतली काच घडणीने बहुधा फिकट रायोलाइटसारखी असते, तरी दिसते काळीकुट्ट. म्हणून म्हटले, नावे नेमकी कशी ठरतात यावर नीट लिहू आणि ज्यांना ज्या भागातले कळते त्यांनी भर घालावी.

आधी एक मूलभूत गोष्ट. खनिजाला ठरलेली रासायनिक घडण असते, ठरलेली स्फटिकरचना असते. क्वार्ट्झ जगात कुठेही क्वार्ट्झच. खडक मात्र खनिजांचे मिश्रण आहे आणि मिश्रणाला निसर्गाने कुंपण घातलेले नाही. ग्रॅनाइटमधले क्वार्ट्झ कमी होत गेले की एका ठिकाणी आपण त्याला ग्रॅनाइट म्हणणे थांबवतो, पण ती रेघ आपण मारलेली. त्यामुळे पहिली वाटणी घटकांवरून न करता जन्मावरून करतात: वितळलेल्या शिलारसापासून झाला, साचलेल्या गाळातून झाला, की आधीचाच खडक घन अवस्थेत बदलून झाला.

जन्म कोणी पाहिलेला नसतो. तो दगडाच्या पोतावरून वाचावा लागतो. अग्निज खडकात स्फटिक एकमेकांत गुंतलेले असतात, कारण ते एकाच द्रवात शेजारी शेजारी वाढले आणि वाढता वाढता एकमेकांना भिडले. जमिनीखाली काही किलोमीटरवर शिलारस हजारो-लाखो वर्षे घेत निवतो, तेव्हा स्फटिकांना वाढायला सवड मिळते आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हा ग्रॅनाइट. तोच रस पृष्ठभागावर आला की लवकर थिजतो, कण इतके बारीक राहतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. हा रायोलाइट. दोघांची रासायनिक घडण एकच. गॅब्रो आणि बेसाल्ट, डायोराइट आणि अँडेसाइट या जोड्याही अशाच.

म्हणजे अग्निज खडकाच्या नावाला दोन अंगे झाली: कण केवढे आणि सिलिका, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनचे संयुग, किती. सिलिका ४५ ते ५२ टक्के असेल तर बेसाल्ट-गॅब्रो, साधारण ५२ ते ६३ असेल तर अँडेसाइट-डायोराइट, त्याच्या वर गेले की रायोलाइट-ग्रॅनाइटच्या बाजूला. ४५च्या खाली गेले की पेरिडोटाइटसारखे खडक, ज्यांचा पृथ्वीच्या प्रावरणात, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधल्या थरात, भरणा आहे. मोठे स्फटिक बारीक कणांच्या पार्श्वभूमीवर विखुरलेले दिसले तर समजावे की रस आधी खोलवर सावकाश निवत होता आणि मग एकदम वर आला. मला हा पोत फार आवडतो. एकाच ढेकळात दोन वेगवेगळे वेग नोंदलेले असतात.

मनवा

फार छान सुरुवात. एक शंका आहे. हा शिलारस मुळात येतो कुठून? पृथ्वीच्या कवचाखाली सगळीकडे वितळलेल्या खडकाचा समुद्र आहे आणि कवचाला भेग पडली की तो वर येतो, असे चित्र डोक्यात आहे. ते बरोबर आहे का?

सहाण

मनवा, हे चित्र बहुतेकांच्या डोक्यात असते, पण ते तसे नाही. प्रावरण जवळजवळ पूर्ण घन आहे. भूकंपाच्या आडव्या लहरी, म्हणजे एस लहरी, द्रवातून जात नाहीत. प्रावरणातून त्या आरपार जातात आणि सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर, बाह्य गाभ्यापाशी अडतात. द्रवाचा समुद्र म्हणायचा तर तो तिथे आहे, आणि तोही मुख्यतः लोखंडाचा. ज्वालामुखीतून निघणारा लाव्हा तिथला नव्हे.

प्रावरणाचा खडक प्रचंड तापलेला असतो पण वरच्या दाबामुळे वितळू शकत नाही. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही, तसेच काहीसे. तो वितळवायचे मुख्य मार्ग तीन. पहिला, दाब कमी करा. महासागरांच्या मध्यभागी भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, खालचे प्रावरण घन अवस्थेतच वर सरकते आणि वर येता येता त्याचा काही टक्के भाग वितळतो. त्यातून बेसाल्ट होतो. पृथ्वीवरचा बहुतांश शिलारस असा तयार होतो, आणि साऱ्या महासागरांचा तळ याच बेसाल्टचा आहे. इथे बाहेरून उष्णता द्यावीच लागत नाही, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला पटायला वेळ लागतो.

दुसरा मार्ग पाण्याचा. एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेव्हा त्यातल्या खनिजांत अडकलेले पाणी सुटून वरच्या प्रावरणात जाते आणि त्याचा वितळणबिंदू खाली येतो. अँडीज पर्वतातले, जपानमधले ज्वालामुखी या पद्धतीचे. कोरडा ग्रॅनाइट वितळायला ९५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. पुरेसा दाब आणि भरपूर पाणी असेल तर ६५०च्या आसपासही काम होते. तिसरा मार्ग सरळ तापवण्याचा: बेसाल्टचा अकराशे-बाराशे अंशांचा रस खंडीय कवचाच्या तळाशी साचला की तिथले खडक वितळू लागतात.

शुक्रतारा

सहाण यांनी सांगितले त्याला जोडून. प्रावरण अर्धवट वितळून बेसाल्ट होतो, हे ठीक. मग ग्रॅनाइट, अँडेसाइट ही विविधता कुठून आली? याचे एक मोठे उत्तर नॉर्मन बोवेन यांनी प्रयोगशाळेत शोधले. त्यांनी सिलिकेट रस ठरावीक तापमानाला निववले आणि कुठले खनिज आधी घट्ट होते ते पाहिले. ऑलिव्हीन सगळ्यात आधी, मग पायरॉक्सीन, मग अँफिबोल, मग काळे अभ्रक. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार (फेल्डस्पार हा खडकांत सर्रास सापडणाऱ्या खनिजांचा गट), आधी कॅल्शियमयुक्त, मग हळूहळू सोडियमयुक्त. शेवटी पोटॅश फेल्डस्पार, पांढरे अभ्रक आणि क्वार्ट्झ. १९२८ साली त्यांनी हे सगळे ग्रंथरूपाने मांडले.

यातला कळीचा मुद्दा असा की आधी घट्ट झालेले जड स्फटिक खाली बसले आणि रसापासून वेगळे झाले, तर उरलेल्या रसाची घडण बदलते. लोह-मॅग्नेशियम निघून जाते, सिलिकाचे प्रमाण वाढते. दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डच्या प्रचंड अंतर्वेधी, म्हणजे इतर खडकांत घुसून आतच निवलेल्या, खडकसमूहात हे थर उघड्यावर दिसतात. सुमारे २०५ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या शिलारसात क्रोमाइटचे (क्रोमियमच्या खनिजाचे) काळे थर असे काही बसले आहेत की नवख्या माणसाला तो गाळाचा खडकच वाटावा. जगातले बरेचसे प्लॅटिनम तिथून येते ते याच वेगवेगळे होण्याच्या क्रियेमुळे.

मात्र सगळा ग्रॅनाइट बेसाल्टपासून असाच निवडून निघाला असे नाही. तेवढा ग्रॅनाइट मिळवायला त्याच्या कितीतरी पट बेसाल्ट लागेल. पुष्कळसा ग्रॅनाइट कवचातलेच जुने खडक वितळून झालेला आहे.

दूरचा_वाटसरू

दगडांच्या व्यापारात 'काळा ग्रॅनाइट' मिळतो. अभ्रकीताईंच्या वर्णनात तो बसत नाही. मग ते काय असते?

अभ्रकी

वाटसरू, तो बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. व्यापारात चकाकी घेणाऱ्या कुठल्याही कठीण, स्फटिकमय दगडाला ग्रॅनाइट म्हणतात आणि चकाकी घेणाऱ्या चुनखडकालाही संगमरवर म्हणून टाकतात. भूशास्त्रात ग्रॅनाइटची व्याख्या काटेकोर आहे. स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट श्ट्रेकायझेन यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय भूविज्ञान संघाने जी पद्धत स्वीकारली तिच्यात क्वार्ट्झ आणि दोन प्रकारचे फेल्डस्पार यांचीच बेरीज शंभर धरतात. त्यात क्वार्ट्झ २० ते ६० टक्के हवे आणि फेल्डस्पारपैकी प्लॅजिओक्लेजचा वाटा १० ते ६५ टक्के. गॅब्रोत क्वार्ट्झ नसल्यातच जमा.

गाळाच्या खडकांवर कोणी लिहील का? गाळपेर, तुमचा विषय आहे.

गाळपेर

लिहितो, आणि जरा लांबवतो, कारण या खडकांकडे 'थर असतात, जीवाश्म सापडतात' एवढे म्हणून लोक पुढे जातात. खंडांच्या पृष्ठभागाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग यांनी झाकलेला आहे, पण कवचाच्या एकूण आकारमानात त्यांचा वाटा अगदी थोडा. पातळ पांघरूण आहे ते. पृथ्वीवर कधी कुठे समुद्र होता, कुठे वाळवंट, कुठे हिमनद्या, याची जवळजवळ सगळी माहिती त्या पांघरुणातली.

यात मोठे दोन गट. एक, आधीच्या खडकांच्या तुकड्यांचे. दुसरा, पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांपासून रासायनिक क्रियेने किंवा जीवांच्या कवचांमुळे झालेला.

तुकड्यांच्या खडकांचे नाव आधी कणांच्या आकारावरून ठरते. चेस्टर वेंटवर्थ यांनी १९२२ मध्ये दिलेली मोजपट्टी आजही चालते: २ मिलिमीटरच्या वर गोटे, २ ते १/१६ मिलिमीटर वाळू, त्याखाली १/२५६ मिलिमीटरपर्यंत पोयटा, त्याहून बारीक ती चिकणमाती. वाळूचा वालुकाश्म होतो, चिकणमातीचा पंकाश्म. आणि पातळ पापुद्रे सुटत असले तर शेल. गोट्यांचा पिंडाश्म. गोटे गोलाईचे नसून अणकुचीदार असतील तर नाव बदलून कोणाश्म होते, आणि हा नुसता नावाचा फरक नाही. धारदार कोन टिकले म्हणजे तुकडे फार लांब वाहत आलेले नाहीत. डोंगरउताराच्या पायथ्याशी किंवा जवळच कोसळून साचलेले असणार.

वालुकाश्म भिंगाखाली धरला की प्रश्न विचारायचे. कण एकाच मापाचे आहेत का? असतील तर वाऱ्याने किंवा समुद्राच्या लाटांनी ते पुन्हा पुन्हा चाळलेले आहेत. लहानमोठे कण आणि चिखल एकत्र असतील तर पूर किंवा समुद्रतळावरचा गढूळ लोंढा, सगळे एकदम आणून टाकणारा. फेल्डस्पार आहे का? दमट, उष्ण हवेत फेल्डस्पार कुजून त्याची चिकणमाती होते, क्वार्ट्झ तेवढे टिकते. ज्या वालुकाश्मात २५ टक्क्यांहून जास्त फेल्डस्पार शाबूत आहे त्याला आर्कोज म्हणतात. तो सापडला की समजावे, ग्रॅनाइटसारखा उगम जवळच होता आणि रासायनिक झीज व्हायला वेळ मिळाला नाही किंवा हवामान कोरडे वा थंड होते. एका खनिजाच्या असण्यावरून जुन्या हवामानापर्यंत जाता येते.

सुटी वाळू दगड कशी होते, तेही सांगितले पाहिजे. वरच्या थरांच्या वजनाने कण जवळ येतात, पाणी पिळून निघते, आणि उरलेल्या पोकळ्यांतून फिरणाऱ्या पाण्यातून सिलिका, कॅल्साइट किंवा लोहाचे ऑक्साइड बसून कण एकमेकांना चिकटतात. कॅल्साइटने चिकटलेला वालुकाश्म आम्लाने बुडबुडतो, तेव्हा केवळ बुडबुडे आले म्हणून त्याला चुनखडक म्हणू नये.

चुनखडक वेगळ्याच जातीचा. तो बहुतांशी जिवंत प्राण्यांच्या आणि शेवाळांच्या कवच-सांगाड्यांचा असतो, म्हणून त्याचे कण लांबून आलेले नसतात, तिथेच जन्मलेले असतात. रॉबर्ट डनहॅम यांनी १९६२ मध्ये त्याचे वर्गीकरण एका साध्या प्रश्नावर उभे केले: कण एकमेकांवर टेकलेले आहेत की चिखलात तरंगल्यासारखे आहेत? टेकलेले असतील आणि मध्ये चिखल नसेल तर पाणी खळबळते होते. तरंगत असतील तर शांत. समुद्रात साधारण ४ ते ५ किलोमीटरपेक्षा खोल गेले की कॅल्साइटची कवचे विरघळून जातात, त्यामुळे तिथे चुन्याचा गाळ साठत नाही. सिलिकाची कवचे टिकतात, त्यांचा चर्ट होतो.

आणि मीठ-जिप्सम. १९७० मध्ये ग्लोमार चॅलेंजर या जहाजाने भूमध्य समुद्राच्या तळाशी छिद्रे पाडली तेव्हा जिप्सम आणि मीठ हाती आले. साधारण ६० ते ५३ लाख वर्षांपूर्वी त्या समुद्राची अटलांटिकशी असलेली जोड जवळजवळ तुटली होती आणि त्याचे पाणी मोठ्या प्रमाणात आटत गेले. पाणी नेमके किती खाली गेले यावर अजून वाद चालतो, पण मिठाचे थर काही ठिकाणी किलोमीटरपेक्षा जाड आहेत.

मनवा

गाळपेर, हा प्रतिसाद जपून ठेवते आहे. आता रूपांतरित खडकांबद्दलही असेच कोणीतरी लिहा. तिथे माझा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. खडक तापून बदलला म्हणजे वितळलाच ना?

सहाण

वितळला तर तो अग्निजांच्या खात्यात गेला. रूपांतरणात खडक घनच राहतो. अणू जागा बदलतात, जुनी खनिजे मोडून नवी तयार होतात किंवा तीच खनिजे नव्याने स्फटिकरूप घेतात. साधारण २०० अंशांच्या आसपास सुरुवात होते आणि वितळू लागेपर्यंत ही क्रिया चालते.

शेलचे उदाहरण घ्या, कारण मातकट खडक तापमानातला बदल सगळ्यात नेमका टिपतात. एका बाजूने दाब वाढत गेला की चपटी खनिजे दाबाला काटकोनात रांगेने बसतात आणि शेलची स्लेट होते, पाटीसारखी सपाट सुटणारी. ही सुटण्याची दिशा मूळ थरांना पुष्कळदा छेदून जाते, हे नीट पाहावे. आणखी तापमान वाढले की फायलाइट, मग डोळ्यांना दिसणाऱ्या अभ्रकाचा शिस्ट, मग गडद-फिकट पट्ट्यांचा नाइस.

जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हे प्रत्यक्ष नकाशावर दाखवले. एकाच जातीचे मातकट खडक, पण एका दिशेने चालत गेले की एकेक नवे खनिज हजर होते: क्लोराइट, काळे अभ्रक, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. त्या क्रमाने तापमान चढत गेले होते. कायनाइट, सिलिमनाइट आणि अँडालुसाइट या तिघांचे रासायनिक सूत्र एकच आहे, फरक अणूंच्या मांडणीत. दाब जास्त असेल तर कायनाइट, कमी असेल तर अँडालुसाइट, तापमान चढे असेल तर सिलिमनाइट. खडकात यातले कुठले आहे त्यावरून तो किती खोल गेला होता याचा अंदाज बांधतात. पुढे फिनलंडच्या पेंटी एस्कोला यांनी मांडले की एका ठरावीक दाब-तापमानाच्या पट्ट्यात खनिजांचा ठरावीक संच तयार होतो, मूळ खडकाच्या घडणीनुसार. मला विचाराल तर रूपांतरित खडकांचे खरे वर्गीकरण हेच. शिस्ट, नाइस ही नावे फक्त पोत सांगतात.

संगमरवर आणि क्वार्टझाइट यांच्यात पट्टे नसतात किंवा पुसट असतात, कारण त्यांत जवळजवळ एकच खनिज आणि तेही चपटे नाही. वालुकाश्म फोडला तर तो सहसा कणांच्या कडेकडेने फुटतो, क्वार्टझाइट कणांच्या आरपार. ही परीक्षा हातोडी आणि भिंग असले की कोणालाही करता येते.

खोलीचा कळस सांगतो. १९८४ मध्ये क्रिस्तियाँ शोपाँ यांनी पश्चिम आल्प्समधल्या दोरा मायरा भागातल्या खडकात, गार्नेटच्या पोटात अडकलेले कोसाइट दाखवले. कोसाइट म्हणजे क्वार्ट्झचेच जास्त दाबाखालचे रूप, त्याला साधारण ९० किलोमीटर खोली लागते. तो खडक मुळात कवचाचा, पृष्ठभागाजवळचा. एवढा खोल जाऊन परत वर आला. खंडाचा भाग असा खाली जाऊ शकतो हे तोवर फार थोड्यांना शक्य वाटत होते.

शुक्रतारा

या तीन खान्यांची मांडणी आज उघड वाटते, पण अठराव्या शतकात ती भांडून मिळवावी लागली. सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या खाण अकादमीत शिकवणारे वेर्नर आणि त्यांचे अनुयायी मानत की ग्रॅनाइट, बेसाल्ट हे सगळे एका आदिम समुद्राच्या पाण्यातून साकळले. फ्रान्समध्ये निकोला देमारे यांनी ओव्हेर्न्य भागातला बेसाल्ट माग काढत काढत थेट ज्वालामुखीच्या मुखापर्यंत नेला. जेम्स हटन १७८५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्टमध्ये गेले, तिथे लाल ग्रॅनाइटच्या शिरा काळसर शिस्टमध्ये घुसलेल्या त्यांना दिसल्या. घुसायला ग्रॅनाइट वितळलेला हवा आणि शिस्टपेक्षा नंतरचा हवा. आक्षेप असा होता की खडक वितळवून निववला तर काच मिळते, स्फटिक नाही. हटन यांचे स्नेही जेम्स हॉल यांनी बेसाल्ट भट्टीत वितळवला, सावकाश निववला आणि स्फटिकमय दगड मिळवला. १८०५ मध्ये त्यांनी बंद बंदुकीच्या नळीत खडू तापवून संगमरवरासारखा पदार्थही केला.

दूरचा_वाटसरू

सगळे वाचले. पण मग ज्वालामुखीची राख कुठे टाकायची? जन्म अग्नीचा, साचली हवेतून किंवा पाण्यातून, थरही पडतात.

गाळपेर

माझ्या मते गाळात. ती पडते, साचते, चाळली जाते, तिच्यात जीवाश्म जपले जातात.

अभ्रकी

मी इथे असहमत. कण वितळलेल्या रसाचे तुटून झालेले आहेत आणि पडताना कधी कधी इतके गरम असतात की एकमेकांत वितळून जुळतात. टफला, म्हणजे राख घट्ट होऊन झालेल्या दगडाला, ज्वालामुखीय खडकच म्हणतात. हां, तीच राख नंतर नदीने उचलून दुसरीकडे टाकली तर मात्र गाळाचा खडक.

मिग्मॅटाइट हे याहून अवघड प्रकरण. नाइस इतका तापला की त्यातला क्वार्ट्झ-फेल्डस्पारचा भाग वितळला, बाकी घन राहिला. अर्धा अग्निज, अर्धा रूपांतरित, एकाच हातभर दगडात. तो त्या सीमेचाच नमुना आहे. हिमनदीचा बर्फही घ्या: नैसर्गिक, स्फटिकमय, ठरलेल्या घडणीचा, म्हणजे खनिज. बर्फ साचतो थरांनी, मग दाबाखाली नव्याने स्फटिकरूप घेतो आणि घन असून वाहतो. अनेक भूशास्त्रज्ञ त्याला रूपांतरित खडक मानतात, मलाही ते पटते.

आणि ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा पिंडाश्म. त्यातले झिरकॉन या खनिजाचे काही कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे, शिलारसात वाढलेले. ज्या खडकात ते वाढले तो केव्हाच झिजून गेला. कण वाहत येऊन सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात बसले, आणि तो गाळही पुढे रूपांतरित झाला. अशा दगडाला एका खान्यात टाकताना शेवटची घटना धरतात, म्हणून तो रूपांतरित पिंडाश्म. कणांचे वय वेगळे मोजतात.

मनवा

माझ्याकडे एक दगड आहे. काळसर, जड, कण दिसत नाहीत. आत वाटाण्याएवढ्या गोल-लांबट जागा, त्या पांढऱ्या पदार्थाने भरलेल्या. पिंडाश्म म्हणावे का?

सहाण

पिंडाश्मात गोट्यांच्या मध्ये वाळू किंवा लहान खडे दिसतील आणि गोटे वेगवेगळ्या खडकांचे असू शकतील. तुमच्या वर्णनावरून हा कुहरी बेसाल्ट वाटतो. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले आणि नंतर फिरणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्या भरल्या. खात्री करायला ताजी फोड काढा, झिजलेल्या पृष्ठभागावर काही ठरवू नका. मग पांढऱ्या भागावर सौम्य आम्लाचा एक थेंब टाका. जोरात फसफसला तर कॅल्साइट. नाही फसफसला तर पोलादी सुरीचे टोक ओढा: चरा पडला तर बहुधा झिओलाइट, सुरी नुसती घसरली तर क्वार्ट्झ किंवा अकीक. काय निघते ते इथे कळवा, फोटोत मापपट्टी ठेवा.